मूत्रपिंडे पोटामागच्या भिंतीवर असतात, म्हणजे नेमकी कुठे?

मूत्रपिंड कुठे असते ते हात लावून दाखवा, असे कुणालाही सांगितले तर बहुतेकांचा हात एकतर मागे कमरपट्ट्यावर जातो किंवा पुढे ओटीपोटावर. या दोन्ही ठिकाणी मूत्रपिंड नसते. आजूबाजूला कुणाची कंबर धरली की ‘किडनीचे तर नसेल?’ अशी शंका हमखास निघते, पण कमरेच्या ज्या भागाला आपण चोळतो किंवा शेकतो तो भाग मूत्रपिंडाच्या बराच खाली असतो आणि तिथले दुखणे बहुतेक वेळा स्नायूंचे किंवा मणक्यांचे असते. मूत्रपिंडे त्याहून वर, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला आणि पोटापेक्षा पाठीच्या अधिक जवळ असतात. ही जागा एकदा नीट समजली की मुतखड्याची कळ जांघेत का उतरते, सोनोग्राफीत खडा कधी दिसतो आणि कधी हुलकावणी का देतो, दात्याचे डावेच मूत्रपिंड बहुधा का निवडतात, अशा वरवर असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. म्हणून या लेखात मूत्रपिंड काय काम करते यापेक्षा ते कुठे बसले आहे यावर भर दिला आहे.

पोटाची पोकळी आतून एका पातळ, चकचकीत पडद्याने मढवलेली असते. त्याला पर्युदर म्हणतात. जठर, लहान आतड्याचा बराचसा भाग, यकृत आणि प्लीहा हे अवयव या पडद्याने जवळजवळ सर्व बाजूंनी वेढलेले असतात. आतडी तर त्याच्याच घडीला लोंबकळत असल्यामुळे इकडेतिकडे सरकू शकतात. मूत्रपिंडांची गोष्ट वेगळी आहे. ती या पडद्याच्या मागे, पडदा आणि पाठीकडची भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत बसवलेली असतात आणि पर्युदर त्यांच्या फक्त पुढच्या अंगाला स्पर्श करते. एखाद्या खोलीच्या भिंतीला पडदा लावावा आणि पडद्याआड भिंतीतल्या कोनाड्यात काही वस्तू ठेवाव्यात, तशी ही रचना आहे. मूत्रवाहिन्या, मोठ्या रक्तवाहिन्या, अधिवृक्क ग्रंथी, स्वादुपिंडाचा बराचसा भाग आणि मोठ्या आतड्याचे उभे दोन भागही याच पडद्याआडच्या जागेत राहतात.

मांसाहारी वाचकांनी ही रचना पाहिलेली असते, फक्त तिकडे लक्ष दिलेले नसते. मटणाच्या दुकानात टांगलेल्या बोकडाची आतडी काढून टाकल्यावरही गुर्दे कण्याच्या दोन्ही बाजूंना, पांढऱ्या चरबीच्या गोळ्यात दडलेले, तसेच चिकटून राहिलेले असतात. खाटीक ती चरबी बोटाने फोडून आतला गुर्दा बाहेर काढतो. माणसातही चित्र जवळपास हेच आहे. शवविच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्याला आधी आतडी बाजूला सारावी लागतात, मग पडदा सोडवावा लागतो, त्यानंतर चरबी उकरावी लागते, आणि तेव्हा कुठे मूत्रपिंड दिसते.

प्रौढ माणसाचे मूत्रपिंड साधारण ११ सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर जाड असते. वजन सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे मूठभरच. पाठीच्या बारा मणक्यांपैकी शेवटच्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत त्याचा पसारा असतो. उजव्या बाजूला वर यकृत ठाण मांडून बसलेले असल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा थोडे खाली असते, आणि त्याचे खालचे टोक कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापासून जेमतेम बोटभर वर येते. डाव्याच्या मागे अकरावी आणि बारावी अशा दोन बरगड्या येतात, तर उजव्याच्या मागे बहुधा फक्त बारावी. जागा ‘पक्की’ असली तरी मूत्रपिंडे अगदी खिळवलेली नसतात. त्यांच्या वरच्या भागामागे मध्यपटल, म्हणजे छाती आणि पोट वेगळे करणारा श्वासाचा स्नायू असतो, श्वासाबरोबर तो खालीवर होतो आणि मूत्रपिंडेही दोन-तीन सेंटिमीटर सरकतात. सोनोग्राफी करताना ‘श्वास आत घ्या आणि रोखून धरा’ असे सांगतात, ते बरगड्यांच्या आड लपलेले मूत्रपिंड खाली सरकून दिसावे म्हणूनच.

त्यांना जागेवर कोण धरून ठेवते, हा प्रश्न पूर्वीच्या शल्यविशारदांनाही पडला होता. मूत्रपिंडाला आधी स्वतःचे एक चिवट आवरण असते, त्याबाहेर चरबीचा थर, त्याबाहेर तंतुमय पडद्याची पिशवी आणि त्याही बाहेर, विशेषतः मागच्या बाजूला, चरबीचा आणखी एक थर. या तंतुमय पिशवीला रोमानियन शरीरशास्त्रज्ञ दिमित्री गेरोता यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १८९५ मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही शस्त्रक्रियेच्या टेबलावर ‘गेरोता’ हा शब्द रोज उच्चारला जातो. पिशवी वरच्या बाजूला बंद असते, खाली मात्र तिचे दोन्ही पदर घट्ट जुळलेले नसतात. त्यामुळे मूत्रपिंडाला मार लागून रक्तस्राव झाला तर रक्त पिशवीत साठते आणि त्या साठ्याच्याच दाबाने अनेकदा रक्तस्राव थांबतो. पण पू झाला तर तो वर न जाता खाली ओटीपोटाकडे ओघळू शकतो. अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली दिसते, मात्र दोघांमध्ये पडद्याचा एक पातळ पदर असतो, आणि म्हणून मूत्रपिंड काढताना ती ग्रंथी जागेवर ठेवता येते.

चरबीचा हा आधार फार कमी झाला तर मूत्रपिंड उभे राहिल्यावर बरेच खाली घसरू शकते. १८८१ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन हान यांनी असे मूत्रपिंड टाके घालून वर बांधले आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेत या शस्त्रक्रियेची लाटच आली. पोटदुखीपासून मानसिक अस्वस्थतेपर्यंत वाटेल त्या तक्रारीचे खापर घसरलेल्या मूत्रपिंडावर फुटू लागले. पुढे लक्षात आले की बहुतेकांना त्या घसरण्याचा काहीच त्रास नव्हता आणि लाट ओसरली. अवयव नेहमीच्या जागी नाही एवढ्यावरून तो आजारी आहे असे मानण्याची घाई वैद्यकात नवी नाही.

आता त्या मागच्या भिंतीकडे वळू. मधोमध कमरेचे पाच मणके. त्यांच्या दोन्ही बाजूंना कण्याला लगटून खाली मांडीच्या हाडापर्यंत जाणारा जाडजूड सोअस स्नायू, जो मांडी पोटाकडे उचलतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये ताणलेला चौकोनी स्नायू, क्वाड्रेटस लंबोरम. वर मध्यपटल. मूत्रपिंड या तिन्हींवर टेकते, आणि सोअस वरून खाली जाताना बाहेर फाकत असल्यामुळे मूत्रपिंडही सरळ उभे न राहता किंचित तिरके बसते: वरची टोके कण्याजवळ, खालची दूर. पाठीमागून पाहिले तर शेवटची बरगडी आणि कणा यांच्यामधल्या कोनात मूत्रपिंडाचा काही भाग येतो, आणि तिथे डॉक्टर मुठीने हलकेच ठोकून पाहतात. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग असेल तर त्या ठोक्याने रुग्ण कळवळतो.

सोअस स्नायूभोवती एक नळीसारखा म्यान असतो आणि आपल्या देशात त्याला वेगळे महत्त्व आहे. मणक्याचा क्षयरोग झाला तर तिथला पू या म्यानात उतरतो आणि म्यानातून वाट काढत जांघेत गाठ बनून प्रकट होऊ शकतो. गाठ जांघेत आणि आजार कण्यात! ती गाठ लाल नसते, फारशी गरमही लागत नाही, म्हणून तिला जुन्या पुस्तकांपासून ‘थंड गळू’ म्हटले जाते. जांघेतल्या प्रत्येक फुगवट्याला हर्निया म्हणू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याच भिंतीच्या वरच्या भागात आणखी एक अडचण दडलेली असते. फुप्फुसाभोवतीच्या आवरणाची खालची कड पाठीमागे बाराव्या बरगडीपर्यंत, कण्याजवळ तर तिच्याही खाली येते. मोठा खडा पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने काढण्याच्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाकडे पोहोचायचे असेल, तर बरगड्यांच्या मधून सुई घालताना छातीच्या पोकळीला भोक पडण्याचा धोका असतो, आणि म्हणून शक्य तेव्हा बाराव्या बरगडीच्या खालूनच वाट निवडतात. सुई कुठून घालावी यालाही शरीररचनेचाच आधार आहे. मूत्रपिंडाच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, आत शिरल्यावर फुटत जातात आणि त्यांच्या शाखा एकमेकींना मिळत नाहीत, म्हणजे एक शाखा तुटली तर तिच्या वाट्याचा तुकडा रक्तावाचून मरतो. मात्र पुढच्या आणि मागच्या शाखांच्या मध्ये, बाहेरच्या कडेच्या किंचित मागे, कमी रक्तवाहिन्यांची एक पट्टी असते. मॅक्स ब्रॉडेल या वैद्यकीय चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी ती दाखवून दिली. पाठीतून तिरकी जाणारी सुई बरोबर या पट्टीकडे वळते.

रक्तपुरवठ्याचा आवाका आश्चर्यकारक आहे. दोन्ही मूत्रपिंडे मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, त्यांच्याकडे जातो. त्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यापैकी दीड लिटरच्या आसपास लघवी बनते. उरलेला सगळा परत रक्तात जातो. एवढे रक्त आणण्यासाठी महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघालेल्या मुख्य वाहिनीतून, दोन्ही बाजूंना थेट आखूड, जाड फांद्या निघतात. महारोहिणी कण्याच्या किंचित डावीकडे आणि अशुद्ध रक्त वर नेणारी अधोमहानीला उजवीकडे असल्यामुळे उजव्या मूत्रपिंडाची रोहिणी लांब असते व ती अधोमहानीलेच्या मागून जाते. नीलांचे, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांचे, नेमके उलटे: उजवी सुमारे अडीच सेंटिमीटरची, तर डावी तिच्या जवळपास तिप्पट, कारण तिला महारोहिणी ओलांडून पलीकडे जावे लागते.

या लांब डाव्या नीलेमुळे बरेच काही घडते. प्रत्यारोपण करणाऱ्याला शिवण घालायला ती सोयीची पडते आणि म्हणून दोन्ही मूत्रपिंडे सारखीच चांगली असतील तर दात्याचे डावे घेण्याकडे कल असतो. डाव्या वृषणाकडून येणारी नीला या नीलेला काटकोनात मिळते, उजवीकडची मात्र तिरक्या कोनात सरळ अधोमहानीलेत उतरते. वृषणाभोवतीच्या नीला फुगण्याचा विकार बहुतांशी डाव्या बाजूला दिसतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच मानले जाते. मध्यमवयीन किंवा उतारवयाच्या पुरुषात तो नव्याने उद्भवला तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी सांगतात. रुग्णाला ते अनाकलनीय वाटते, पण मूत्रपिंडातल्या गाठीने डाव्या नीलेची वाट अडवली तर रक्त मागे तुंबून खाली वृषणापाशी दिसू लागते.

मूत्रपिंडाच्या आतल्या रचनेविषयी थोडक्यातच सांगतो. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे सूक्ष्म घटक असतात. त्यांच्याकडून आलेली लघवी आठ-दहा छोट्या वाट्यांमध्ये ठिबकते, त्या वाट्या मोठ्या वाट्यांना मिळतात आणि शेवटी नरसाळ्यासारख्या पिशवीत, म्हणजे पेल्व्हिसमध्ये जमतात. पुढे वाट अडली की ही पिशवी आणि वाट्या फुगतात. अहवालात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असे लिहून येते आणि घरी त्याचे भाषांतर ‘किडनीला सूज आली’ असे होते. हा शब्द सर्वत्र रुळला असला तरी दिशाभूल करणारा आहे. इथे मार लागल्यावर येते तशी सूज नसून पाणी तुंबल्यामुळे आलेला फुगवटा असतो, आणि त्यावरचा खरा उपाय सूज उतरवणारी गोळी नसून अडथळा दूर होणे हा असतो.

नरसाळ्याच्या टोकाला मूत्रवाहिनी सुरू होते. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर, आतला पोकळ भाग तीन-चार मिलिमीटर. ती निर्जीव नळी नाही; तिच्या भिंतीत स्नायू असतात आणि मिनिटाला एक ते पाच लाटांनी ती लघवी थेंबाथेंबाने खाली ढकलते, त्यामुळे आडवे झोपल्यावरही प्रवाह थांबत नाही. शस्त्रक्रियेत ही नळी आहे की रक्तवाहिनी अशी शंका आली तर चिमट्याने हलकेच स्पर्श करतात. मूत्रवाहिनी असेल तर ती अळीसारखी वळवळते. ती सोअस स्नायूवरून जवळपास सरळ खाली येते, आणि साध्या एक्स-रेवर तिचा मार्ग शोधायचा तर कमरेच्या मणक्यांच्या आडव्या शिंगांच्या टोकांवरून रेघ ओढावी लागते. मग ती पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडून कटिभागात, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात, उतरते आणि मागून मूत्राशयाला मिळते.

या वाटेवर तीन चिंचोळ्या जागा आहेत: नरसाळे संपते तिथे, मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. सोनोग्राफीच्या अहवालातले ‘पीयूजे’ म्हणजे पहिली जागा आणि ‘व्हीयूजे’ म्हणजे तिसरी. तिसरी सर्वांत अरुंद, आणि खाली सरकत आलेला खडा बहुधा तिथेच येऊन अडतो. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडून जातात. ‘खडा व्हीयूजेला आहे’ हे ऐकून घाबरणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की त्याचा बराचसा प्रवास पार पडलेला आहे. मधल्या टप्प्यातला खडा सोनोग्राफीत मात्र पुष्कळदा दिसतच नाही, कारण पडद्यापुढे आतडी असतात, आतड्यांत हवा असते आणि ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत. मूत्रपिंड फुगलेले दिसते, खडा सापडत नाही, आणि मग सीटी स्कॅन करावा लागतो. तंत्रज्ञाचा हलगर्जीपणा म्हणून रागावण्यापूर्वी मूत्रवाहिनी कुठून जाते ते आठवावे.

मूत्राशयाच्या भिंतीत ती सरळ शिरत नाही, तिरकी जाते. मूत्राशय भरले की दाबाने हा तिरका भाग चेपला जातो आणि लघवी उलटी वर चढत नाही. वेगळी झडप नसताना झडपेचे काम होते. काही बालकांत हा तिरका भाग आखूड असतो, लघवी वर उलटते आणि मूत्रपिंडाला वारंवार संसर्ग होतो.

स्त्रियांत या शेवटच्या टप्प्याला आणखी एक संदर्भ आहे. गर्भाशयाकडे जाणारी रोहिणी मूत्रवाहिनीच्या वरून आडवी जाते, तीही गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. वैद्यकीय विद्यार्थी हे ‘पुलाखालचे पाणी’ म्हणून पाठ करतात. गर्भाशय काढताना ही रोहिणी बांधावीच लागते आणि त्या बांधण्यात खालची मूत्रवाहिनी सापडू नये याची धास्ती अनुभवी हातांनाही असते.

आता कळ. मूत्रवाहिनीला अडथळ्याने ताण पडला की तिच्या संवेदना ज्या मज्जातंतूंतून कण्याकडे जातात, त्याच पातळीवर कुशीच्या, जांघेच्या आणि जननेंद्रियांच्या त्वचेच्या संवेदनाही पोहोचतात. मेंदूला दोघांतला फरक नीट कळत नाही आणि दुखणे त्वचेच्या भागात जाणवते. म्हणून खडा वर असताना कळ कुशीत, खाली सरकला की जांघेकडे, आणि मूत्राशयाजवळ आला की लघवीला सारखे लागल्यासारखे वाटते. अशा रुग्णाकडे नुसते पाहूनही अंदाज येतो: तो तळमळतो, येरझाऱ्या घालतो, कुठल्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. पर्युदराला दाह झालेला रुग्ण, समजा अपेंडिक्स फुटलेला, उलट निपचित पडून राहतो, कारण पडदा जरा हलला तरी दुखते. एकाचा आजार पडद्यामागे आहे आणि दुसऱ्याचा खुद्द पडद्याला झालेला आहे.

मूत्रपिंडे या उंच जागी जन्मापासून असली तरी सुरुवात तिथे होत नाही. गर्भात ती कटिभागात तयार होतात आणि सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वर चढतात. चढताना जवळच्या रक्तवाहिनीकडून नवी फांदी घ्यायची आणि जुनी सोडायची, असा क्रम चालतो. जुनी फांदी कधी सुटत नाही, आणि म्हणून साधारण चौघांत एकाच्या मूत्रपिंडाला एकाहून अधिक रोहिण्या आढळतात. कधी एखादे मूत्रपिंड चढतच नाही आणि आयुष्यभर खालीच राहून काम करते. कधी दोन्हींची खालची टोके जुळतात आणि घोड्याच्या नालेसारखे एकच मूत्रपिंड बनते. चार-पाचशे माणसांत एखाद्यात हे दिसते. वर चढताना ही नाल आतड्याकडे जाणाऱ्या एका रोहिणीखाली अडकते आणि तिथेच थांबते.

प्रत्यारोपणात नवे मूत्रपिंड मात्र त्या उंच कोनाड्यात बसवत नाहीत. १९५४ च्या २३ डिसेंबरला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसवले तेही खाली, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट भागात. भारतात पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला आणि १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यश आले. खालची जागा निवडण्यामागे सोय आहे: पायाकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी असतात, मूत्राशय जवळ असल्याने मूत्रवाहिनीचा आखूड तुकडा पुरतो, पर्युदर न उघडता बाजूला सारता येते, आणि पुढे तपासणीसाठी सुई घालायची झाली तर वाटेत ना बरगडी येते ना आतडे. जुनी मूत्रपिंडे त्रास देत नसतील तर ती मागच्या भिंतीवर तशीच ठेवतात, आणि अशा माणसाच्या शरीरात तीन मूत्रपिंडे असतात. मूत्रपिंड कुठे असते असे विचारल्यावर ओटीपोटाच्या कडेला हात ठेवणारा माणूस यांच्यापैकी असेल, तर त्याचे उत्तर बरोबर असते.